चांदीच्या रंगमंचावर, एका अंगठ्यावर तोललेली

नाण्यावर कोण असावं, याबद्दल जगभर पिढ्यान्‌पिढ्या एकमत होतं. राजा. नाहीतर देव, किल्ला, सिंह, गरुड. १९८९ मध्ये सोव्हिएत संघाने आपल्या एका महागड्या नाण्यावर नाचणारी मुलगी आणली. डोक्यावर मुकुट नाही, हातात तलवार नाही, छातीवर पदक नाही. पायात साटिनचे बूट, कमरेभोवती पसरलेला झिरझिरीत झगा आणि सगळा भार पायाच्या बोटांवर. दोन वर्षांनी तो देशच नकाशावरून गेला. त्याची विळा-हातोड्याची नाणी संग्राहकांच्या पेट्यांत जाऊन बसली, पण नर्तकीला कुणी उतरवलं नाही. नव्या रशियाने तिला उचललं, चांदीवर आणलं आणि पुढची कित्येक वर्षं नाचतं ठेवलं. संग्राहकांच्या दुनियेत ‘रशियन बॅले’ ही मालिका आजही आदराने हाताळली जाते.

आधी चांदी नव्हतीच

ती पहिली नर्तकी पॅलेडियमवर होती. दर्शनी किंमत २५ रूबल, वजन एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, शुद्धता ९९९. पुढच्या दोन वर्षांत अर्ध्या आणि पाव औंसाची भावंडंही आली. पॅलेडियमच का? कारण हा धातू त्या देशाकडे भरपूर होता. सैबेरियाच्या उत्तरेला नोरिल्स्कच्या खाणींत निकेलबरोबर तो निघतो आणि पॅलेडियमच्या बाबतीत रशिया आजही जगात अग्रभागी आहे. सोव्हिएत सरकारला परकीय चलन हवं होतं आणि संग्राहकांकडून ते मिळतं, हे मॉस्को ऑलिंपिकच्या नाण्यांवरून त्याला कळलं होतं. घरचा धातू आणि घरची कला एकाच चकतीवर आली.

तेव्हा पॅलेडियम औंसाला दीडशे डॉलरच्या आसपास मिळायचं. मार्च २०२२ मध्ये त्याने ३,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. ज्यांनी ती नर्तकी तीन दशकं जपून ठेवली, त्यांची चांदी झाली, तीही पॅलेडियमने! नंतर भाव पुष्कळ उतरला, तो भाग वेगळा.

रस्त्यावर रणगाडे, टीव्हीवर हंस

१९ ऑगस्ट १९९१. मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव यांच्याविरुद्ध उठाव झाला, रस्त्यांवर रणगाडे आले. लोकांनी बातम्यांसाठी टीव्ही लावला, तर पडद्यावर ‘स्वान लेक’ हे बॅले. पुन्हा लावला, पुन्हा ‘स्वान लेक’. त्याआधी नेते वारले तेव्हाही टीव्हीवर अशीच गंभीर संगीताची आणि बॅलेची हजेरी लागायची. त्यामुळे पांढरे हंस दिसले की काहीतरी मोठं घडलंय, हे सामान्य माणसाला न सांगता कळायचं.

त्याच वर्षी टांकसाळीतून सोन्याची बॅले-नाणीही निघाली. साल १९९१ आणि देश सोव्हिएत संघ, अशी अक्षरं असलेली. २५ डिसेंबरला क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. म्हणून १९९१ ची बॅले-नाणी हातात घेताना मला दर वेळी थोडं थांबावंसं वाटतं. देशाच्या शेवटच्या वर्षाची खूण एका नर्तकीजवळ राहिली आहे.

मार्च २०२२ मध्ये ‘दोझ्द’ या रशियन वाहिनीला प्रक्षेपण थांबवावं लागलं, तेव्हा तिने निरोप घेताना पडद्यावर काय दाखवलं असेल? तेच ‘स्वान लेक’चे हंस.

दोन तोळे, आठ मासे

१९९३ पासून नर्तकी चांदीवर आली. संग्राहकांचं आवडतं नाणं तीन रूबलचं: ३९ मिलिमीटर व्यास, ९०० शुद्धता आणि आत बरोबर एक ट्रॉय औंस शुद्ध चांदी. म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात दोन तोळे आणि आठ मासे, ना गुंज कमी ना गुंज जास्त. हा योगायोग नाही. ब्रिटिश काळात तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला, चांदीचा रुपया नेमका एक तोळा वजनाचा पाडला जाई, आणि ट्रॉय औंस आहे ४८० ग्रेनचा. आजोबांच्या पेटीतला राणीछाप रुपया आणि मॉस्कोची नर्तकी एकाच मापाच्या कुळातली आहेत.

याच मालिकेत २५ रूबलचं चांदीचं भारदस्त नाणंही असे. पाच औंस शुद्ध चांदी, ६० मिलिमीटर व्यास. तेरा तोळे चार मासे! एवढा ऐवज तळहातावर घेतला की नर्तकीच्या झग्याच्या चुण्या भिंगाशिवाय मोजता येतात.

दर्शनी किमतीकडे मात्र बघू नका. तीन रूबलमध्ये मॉस्कोत चहाही येत नाही. ती किंमत असते ते नाणं कायदेशीर चलन ठरावं म्हणून. दुकानात कुणी ते देत नाही, देऊही नये.

काळा आरसा, पांढरी नर्तकी

आता या नाण्यांच्या खऱ्या जादूकडे येऊ. मला यातलं सगळ्यात जास्त वेड याच गोष्टीचं आहे.

संग्राहकांसाठीचं उत्तम नाणं ‘प्रूफ’ दर्जाचं असतं. त्यासाठी चांदीची कोरी चकती आधी घासूनपुसून चकचकीत करतात. पोलादी ठशाची सपाट जागाही आरशासारखी पॉलिश करतात. पण जिथे नर्तकी कोरलेली असते तो भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. पूर्वी बारीक वाळूचा मारा करून, हल्ली लेसरने. मग ठसा एकदा मारून भागत नाही. चकती तिथेच ठेवून दाब पुन्हा दिला जातो, म्हणजे धातू ठशाच्या बारीकातल्या बारीक रेषेत शिरतो. नाणी एकावर एक पडू देत नाहीत, एकेक हातमोज्यांनी उचलतात.

याचा परिणाम असा होतो की सपाट भागावर पडलेला उजेड एकाच दिशेने परततो. समोरून तुमच्या डोळ्यांपर्यंत तो पोचत नाही आणि आरसा काळाभोर दिसतो. खरखरीत भागावरचा उजेड मात्र सगळीकडे विखुरतो, म्हणून नर्तकी दुधासारखी पांढरी दिसते. काळोखा रंगमंच आणि प्रकाशझोतातली एकच व्यक्ती! नाणं किंचित कलतं केलंत तर क्षणात उलट होतं: मंच लख्ख उजळतो, नर्तकी सावळी होते. राजाचा मुखवटा याच पद्धतीने काढला तर तो नुसता सुबक दिसतो. बॅलेचा विषय या पद्धतीला जितका शोभतो, तितका दुसरा कुठलाच शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अडचणीही कमी नाहीत. बॅलेतला पसरट झगा पातळ जाळीचा असतो, आरपार दिसणारा. धातू आरपार दिसत नाही. मग कलाकार झग्याच्या कडेकडे खरखरीतपणा हळूहळू विरळ करत नेतो आणि डोळ्याला जाळीचा भास होतो. दुसरी अडचण उठावाची. एका बाजूला आकृती जितकी उंच, तितका धातू तिथे ओढला जातो. त्याच जागी मागच्या बाजूलाही उंच आकृती असेल, तर धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि कुठेतरी रेष बोथट राहते. म्हणून छापा आणि काटा एकमेकांना विचारून आखावे लागतात. तिसरी अडचण म्हणजे नाणं गोल आणि नर्तकीचा मागे ताणलेला पाय सरळ! त्या पायाला वर्तुळात बसवताना पोज कुठे वळवायची, हात कुठे न्यायचा, यावरून कोरणाऱ्याचा हात कळतो.

मागच्या बाजूलाही एक रंगकर्मी आहे. नव्वदीच्या दशकातल्या या नाण्यांवर जो दोन डोक्यांचा गरुड दिसतो, तो इव्हान बिलिबिनने १९१७ मध्ये काढलेल्या चित्रावरून घेतलेला. बिलिबिन म्हणजे रशियन परीकथांच्या पुस्तकांचा लाडका चित्रकार, नाटकांसाठी नेपथ्य आणि वेशभूषा आखणारा. १९४२ मध्ये वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये तो गेला. अर्धशतकानंतर त्याचा गरुड नर्तकीच्या पाठीशी येऊन बसला.

चार कथा, एकच म्हातारबा

सुरुवातीला नाण्यांवर नुसतंच ‘रशियन बॅले’ होतं. मग एकेक कलाकृती आली: १९९५ मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’, १९९६ मध्ये ‘नटक्रॅकर’, १९९७ मध्ये ‘स्वान लेक’, १९९९ मध्ये ‘रेमोंडा’. या चारही बॅलेंमध्ये एका माणसाचा हात आहे आणि तो रशियन नव्हता! नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा, जन्म १८१८, गाव फ्रान्समधलं मार्से. १८४७ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला आला आणि तिथेच रमला. ‘स्लीपिंग ब्यूटी’ १८९० ची. ‘नटक्रॅकर’ची आखणी त्याने केली, आजारी पडला म्हणून नृत्यं त्याचा सहायक लेव्ह इव्हानोव्हने बसवली. ‘स्वान लेक’ दोघांनी मिळून १८९५ मध्ये नव्याने उभं केलं. आणि ‘रेमोंडा’ रंगमंचावर आलं जानेवारी १८९८ मध्ये, तेव्हा पेतिपा ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. ज्या वयात लोक जिना चढताना कठडा धरतात, त्या वयात तो डझनावारी मुलींना नवी पावलं सांगत होता.

‘नटक्रॅकर’ आणि ‘रेमोंडा’ या दोन नाण्यांमध्ये एक गुपितही दडलंय. ‘नटक्रॅकर’चा संगीतकार चायकोव्हस्कीने पॅरिसमध्ये सेलेस्टा नावाचं नवं वाद्य ऐकलं. घंटांसारखा नाजूक आवाज. ‘नटक्रॅकर’मधल्या साखरेच्या परीसाठी त्याला ते हवंच होतं. १८९१ मध्ये त्याने आपल्या प्रकाशकाला ते मागवायला सांगितलं आणि बजावलं की कुणाला दाखवू नका, विशेषतः रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांना, नाहीतर ते आपल्याआधी वापरतील. हा ग्लाझुनोव्ह म्हणजेच पुढे ‘रेमोंडा’चा संगीतकार. संग्राहकाच्या पेटीत दोघं आता शेजारी शेजारी असतात.

बत्तीस गिरक्या

‘स्वान लेक’चा पहिला प्रयोग मॉस्कोच्या बोल्शोईत ४ मार्च १८७७ रोजी झाला आणि फारसा कौतुकाचा ठरला नाही. नृत्यरचना दुसऱ्याच कुणाची होती. आज जगभर दिसतं ते रूप १८९५ चं, आणि त्याचा संगीतकार चायकोव्हस्की त्याआधीच १८९३ मध्ये वारला होता. आपल्या हंसांचं राज्य त्याला बघायला मिळालं नाही, याची हळहळ मला वाटतेच. त्या १८९५ च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. तेव्हापासून काळ्या हंसाच्या प्रत्येक नर्तकीला प्रेक्षक त्या मनातल्या मनात मोजत असतात. नाण्याला यातली एकसुद्धा गिरकी पुरी दाखवता येत नाही. कोरणाऱ्याने नेमका क्षण निवडला, तर मात्र उरलेल्या एकतीस आपोआप दिसतात.

दोनशे रूबलचे बूट

रूबल आणि बॅले यांचं नातं नाण्यांपेक्षा जुनं आहे. बोटांच्या टोकावर नाचण्याला जिने काव्याचं रूप दिलं, ती मारी तालिओनी १८४२ मध्ये पीटर्सबर्गहून निघाली, तेव्हा तिचे वापरलेले बूट चाहत्यांनी दोनशे रूबलना विकत घेतले आणि आचाऱ्याकडून शिजवून, सॉस घालून चक्क खाल्ले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच ती, पण रशियात बॅलेचं वेड कुठल्या थराला गेलं होतं, हे तिच्यातून कळतं.

उघडा अपोलो

बोल्शोई थिएटर १७७६ चं. २००१ मध्ये त्याला २२५ वर्षं झाली, तेव्हाही चांदी-सोन्याची खास नाणी निघाली. पण बोल्शोई रशियन माणसाच्या खिशात रोज होतंच, शंभर रूबलच्या नोटेवर. त्या नोटेवर थिएटरच्या माथ्यावरचा रथ हाकणारा अपोलो आहे, ग्रीक देवांच्या रिवाजाप्रमाणे वस्त्रांविना. २०१४ मध्ये एका खासदाराने तक्रार केली की ही नोट लहान मुलांच्या हातात पडते, तिच्यावर ‘१८ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असं छापा, नाहीतर चित्र बदला! चित्र तेव्हा काही बदललं नाही. पुढे २०२२ च्या नव्या नोटेवर अपोलो राहिला नाही, पण त्याचं कारण नव्या मालिकेची वेगळी आखणी.

सेहेचाळीसाव्या वर्षीची ज्युलिएट

या सगळ्यात माझं सगळ्यात लाडकं नाणं आकाराने छोटं आहे. २०१० मध्ये दोन रूबलचं चांदीचं नाणं निघालं गालिना उलानोवाच्या जन्मशताब्दीनिमित्त. नावानिशी, एका नर्तकीचं. १९५६ मध्ये बोल्शोईचा संच पहिल्यांदा लंडनला गेला तेव्हा कॉव्हेंट गार्डनमध्ये उलानोवा ज्युलिएट नाचली. ज्युलिएट चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची, उलानोवा सेहेचाळीस वर्षांची. लंडनकरांना वय दिसलंच नाही, दिसली ती मुलगी. अशा बाईला देशाने पैशावर जागा दिली, याहून योग्य काय असेल?

बाकीचे देश

रशियाबाहेरही हा छंद पोचलाय. कॅनडाने २००१ चा चांदीचा डॉलर आपल्या ‘नॅशनल बॅले ऑफ कॅनडा’ला दिला. लंडनहून आलेल्या सेलिया फ्रँका यांनी १९५१ मध्ये उभी केलेली ही संस्था तेव्हा पन्नाशीची झाली होती. बेलारूसनेही आपल्या बॅलेची मालिका काढली. आणि प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाच्या नावाने ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टांकसाळीने ‘स्वान लेक’सारख्या प्रसिद्ध बॅलेंची रंगीत चांदीची नाणी पाडली. रंगीत नाणी मला तितकीशी भावत नाहीत. चांदीला तिचा स्वतःचा उजेड असताना वर रंग कशाला?

चिंच लांब ठेवा

कुणाकडे असं एखादं नाणं असेल तर एक कळकळीची विनंती. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, हे आपल्याला देवघरातल्या निरांजनावरून माहीत आहे. पण निरांजनाचे उपाय इथे चालत नाहीत. चिंच, राख, टूथपेस्ट, बाजारातली पावडर यांपैकी कशाचाही एक हात फिरला की तो काळा आरसा कायमचा ओरखडतो आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत निव्वळ चांदीच्या भावावर येते. कड धरून उचला, बोट पृष्ठभागाला लावू नका, हवाबंद गोल कॅप्सूलमध्ये ठेवा. मऊ पीव्हीसीची स्वस्त पाकिटं टाळा, त्यांतून निघणारं रसायन चांदीवर हिरवट थर चढवतं. आणि मंद, समान काळसर-सोनेरी झाक आली असेल तर ती राहू द्या. पुष्कळ संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

पीटर्सबर्ग ते खंडाळा

‘स्लीपिंग ब्यूटी’च्या नाण्याकडे पुन्हा एकदा बघा. हे बॅले नवं होतं तेव्हा आईचं बोट धरून ते बघायला एक लहान मुलगी आली होती. तिने तिथेच ठरवलं की आपण हेच करायचं. ती अ‍ॅना पावलोवा. तिने जग पालथं घातलं, भारतातही आली. भारतीय विषयांवर नृत्यं बसवताना तिला लंडनमध्ये एक चित्रकलेचा विद्यार्थी भेटला, जो आधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला होता: उदय शंकर. १९२३ मध्ये तो तिच्याबरोबर कृष्ण होऊन नाचला.

मुंबईतही पावलोवाच्या शब्दांनी एकीला बळ दिलं. हाफकिन इन्स्टिट्यूटचे साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला, रंगमंचावरच्या मादाम मेनका. प्रतिष्ठित घरातल्या बाईने कथक नाचणं तेव्हा सोपं नव्हतं. मेनकांनी कथकला बॅलेचा घाट दिला, ‘कृष्णलीला’ आणि ‘मालविकाग्निमित्रम्’सारख्या नृत्यनाटिका केल्या, १९३६ मध्ये बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवली आणि १९३८ मध्ये खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर नृत्यालयम् सुरू केलं. कथक नर्तकी दमयंती जोशी त्यांच्याच हाताखाली घडल्या.

मुंबईच्या फोर्टमधली टांकसाळ १८२९ पासून उभी आहे आणि संग्राहकांसाठी स्मारक नाणी पाडते. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या जन्मशताब्दीचं नाणं आपण काढलं, म्हणजे स्त्री-कलावंताला नाण्यावर जागा देण्याची वाट आपल्याकडे खुली झालेली आहे. नव्या संसद भवनाच्या ७५ रुपयांच्या नाण्यात ३५ ग्रॅमपैकी निम्मी चांदी होती. तेवढी चांदी मादाम मेनकांसाठीही निघावी, पायात घुंगरू आणि हात कथकच्या मुद्रेत, मागे काळाभोर आरसा. खंडाळ्याच्या त्या नृत्यालयाला २०३८ मध्ये शंभर वर्षं होतील. ठसा कोरायला आजपासून सुरुवात केली तरी वेळ भरपूर आहे.